बेटावरच्या मुलींविषयी, एका नवलेखिकेस

प्रिय लेखिकेस,
आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. बेट, मुली, बाप, बाहेरच्या जगात पसरलेलं विष. घाट चांगला आहे. पण बाप पहिल्या पानापासूनच राक्षस आहे. पट्टा, कुलूप, अंधारी खोली. असा बाप चटकन ओळखू येतो, आणि ‘आमच्याकडे नाही बाई असलं काही’ म्हणत वाचक मोकळा होतो.

सोफी मॅकिंटॉश या वेल्श लेखिकेची ‘द वॉटर क्युअर’ (२०१८) मिळवून वाच. तीन बहिणी, आई आणि किंग नावाचा बाप. पुरुषांचं जग विषारी आहे, असं मुलींना शिकवलेलं. छळ तिथेही आहे, पण तो उपचार म्हणून होतो, काळजीपोटी होतो. मला सगळ्यात हादरवलं ते प्रेमाच्या वाटपानं. घरात कोणी कोणावर जास्त प्रेम करायचं, हे चक्क सोडत काढून ठरतं! हात न उगारता बहिणी-बहिणींत फूट पाडायची याहून स्वस्त युक्ती कुठली? आणि बाहेर खरंच विष आहे का, हे लेखिका ठामपणे सांगत नाही. तू मात्र दुसऱ्याच प्रकरणात विषाचं रसायनशास्त्र समजावत बसली आहेस. ती चार पानं काढ.

तुझी चौदा वर्षांची नायिका म्हणते, ‘आमच्यावर पितृसत्तेचा पहारा आहे.’ हे तिला कोणी शिकवलं? बेटावर वाचनालय आहे का? तिच्या लेखी ते घर आहे, बस. सकाळी मीठपाण्याच्या गुळण्या का करायच्या, हे तिनं आपल्याला अभिमानानं सांगावं. अंगावर काटा आपल्या येऊ दे, तिच्या नको.

कॅनेडियन लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) ही कादंबरी लिहिताना स्वतःला एक नियम घातला होता: माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी प्रत्यक्ष केलेलं नाही, असं काही कादंबरीत घालायचं नाही. तू पाळीच्या दिवसांसाठी काचेची यंत्रबंद कोठडी रचली आहेस. कशाला? गडचिरोलीतल्या कुर्माघरांबद्दल, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळं ठेवायच्या झोपड्यांबद्दल वाच. जुन्या वाड्यांत केशवपन करून, आलवण नेसवून माजघराआड ठेवलेल्या विधवांबद्दल वाच. तिथे यंत्र लागत नव्हतं. कुणी काय शिवायचं, कुठे बसायचं, यावर नजर ठेवायला घरातल्याच थोरल्या बायका असत. त्यांतल्या काही स्वतःही त्यातूनच गेलेल्या.

म्हणून मला तुझ्या कादंबरीतली आई हवी आहे. आत्ता ती नुसती रडते आणि ताटं वाढते. तिला किल्ल्या दे. ती मुलीचे केस विंचरता विंचरता नवा नियम सांगते, असा एक प्रसंग लिही. तिचा त्या नियमावर विश्वास आहे की नाही, हे तुलाही लिहून झाल्यावरच कळेल कदाचित.

तिसऱ्या प्रकरणात होडीतून येणाऱ्या तरुणाला तूर्त परत पाठव. एक तर मॅकिंटॉशकडेही समुद्रातून पुरुष येतात, तुलना होणारच. शिवाय तुझा तरुण मुलींना सोडवायलाच आलेला दिसतो. त्याच्याआधी धाकटीला एकदा कुंपणापर्यंत जाऊ दे आणि स्वतःहून परत येऊ दे. ती का परतली, त्यावर एक प्रकरण सहज होईल. ते आणि आईचा प्रसंग आधी पाठव, बाकीचं नंतर बघू.