बातमी छापून येते, फोन मात्र येत नाही

प्रश्न : आमच्या राजापूर तालुक्यातील काही निवृत्त शिक्षक आणि तरुण मिळून आम्ही चार वर्षे नेत्रदानाचा प्रचार करीत आहोत. शिबिरे होतात, संमतीपत्रे भरून घेतली जातात, स्थानिक दैनिकांत छायाचित्रांसह बातम्याही येतात. पण प्रत्यक्ष नेत्रदान आजवर अवघी दोनच झाली. आमची प्रसिद्धी कमी पडते का? मुंबईच्या मोठ्या वाहिन्यांपर्यंत कसे पोहोचावे?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेली अकराही कात्रणे मी वाचली. त्यांत दीपप्रज्वलन आहे, सत्कार आहे, उपस्थितांची नावे आहेत. परंतु घरात मृत्यू झाल्यावर नेमके काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, हे एकाही बातमीत नाही. प्रसिद्धी कमी पडलेली नाही. ती ज्याच्यापर्यंत जायला हवी, त्याच्यापर्यंत गेलेली नाही.

संमतीपत्र भरणारा माणूस ऐन वेळी बोलू शकत नाही. निर्णय घ्यायचा असतो तो त्याच्या मुलाने, सुनेने किंवा पत्नीने, आणि तोही सहा तासांच्या आत, कारण त्यानंतर बुबुळाचा पारदर्शक पडदा निकामी होऊ लागतो. माझ्या मामांनी मोठ्या हौसेने संमतीपत्र भरले होते आणि त्यांच्या सत्काराचे कात्रण ओटीवर चौकट करून लावलेले होते. ते पहाटे गेले. मला फोन आला तो दुपारी, कारण ‘मुंबईहून मुलगा येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही’ असे घरातल्यांनी ठरवले होते. संमतीपत्र दहाव्या दिवशी जमिनीच्या कागदांच्या पितळी डब्यात सापडले. त्या घरात कोणाचाही विरोध नव्हता, आणि म्हणूनच ती गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

कोकणातली खरी अडचण हीच आहे. मृत्यू वाडीत होतो आणि निर्णय घेणारा मुंबईत असतो. म्हणून आपली पहिली बातमी वाडीच्या मुंबई मंडळाकडे, त्याच्या व्हॉट्सॲप गटावर जायला हवी. घरात हजर असलेला जवळचा नातेवाईक संमती देऊ शकतो, मुलाची वाट पाहण्यात वेळ दवडू नये, आणि मुलानेच फोनवरून ‘पुढे व्हा’ म्हटले तर घरातल्यांच्या मनावरचा भार उतरतो, हे तिथे स्पष्ट लिहावे. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असा असतो आणि गणेशोत्सव अनेकदा त्याच सुमारास किंवा लगेच पुढे येतो. चाकरमानी घरी असतात, आरतीला सगळी वाडी एकत्र असते, जाखडी नाच पाहायला रात्रभर माणसे बसलेली असतात. तिथली पाच मिनिटे कोणत्याही वाहिनीवरच्या अर्ध्या तासापेक्षा अधिक कामाची ठरतील, असे माझे ठाम मत आहे.

वृत्तपत्रांकडे जाताना कार्यक्रमाची बातमी देऊ नका. एक छोटी चौकट द्या आणि ती दर महिन्याला छापण्याची विनंती करा. मजकूर असा असावा : पापण्या मिटवा, त्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी ठेवा, ताबडतोब नेत्रपेढीच्या या क्रमांकावर फोन करा. चष्मा असला, मधुमेह असला किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरी नेत्रदान होऊ शकते; साधारण अर्ध्या तासात काम होते आणि चेहरा विद्रूप होत नाही, हेही त्यात यावे, कारण बायकामाणसे नेमके हेच विचारतात. हाच मजकूर आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राकडेही पाठवावा.

पत्रकारांशी संबंध बातमीपुरता ठेवू नये. बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले आपल्या शेजारच्या देवगड तालुक्यातले. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन पाळतो. पुढच्या पत्रकार दिनी शाल-श्रीफळाऐवजी तालुक्याच्या वार्ताहरांना एखाद्या नेत्रपेढीत घेऊन जा. स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर ते वेगळे लिहितील.

झालेल्या दोन नेत्रदानांविषयी मात्र अवश्य लिहा. दात्याचे नाव घरच्यांच्या परवानगीनेच द्या. त्यांनी नको म्हटले तर गावाचे नावही गाळा. ज्याला दृष्टी मिळाली, त्याची ओळख गुप्त राखली जाते, तेव्हा ‘दाता आणि लाभार्थी यांची भेट’ असल्या छायाचित्राचा मोह धरू नका. तसेच ‘दोघांना दृष्टी मिळाली’ असे नेत्रपेढीने कळवल्याखेरीज लिहू नये, कारण काढलेले प्रत्येक बुबुळ रोपणयोग्य ठरतेच असे नाही, आणि एक फुगवलेली बातमी उघडी पडली की गावात विश्वास परत मिळवायला वर्षे जातात.

मुंबईच्या वाहिन्यांचे नंतर पाहू. चौकट छापायला देण्यापूर्वी त्यातला क्रमांक आपण स्वतः रात्री दोन वाजता लावून पाहावा, आणि राजापूरपर्यंत पथक किती वेळात पोहोचेल हे विचारून घ्यावे. ते सहा तासांत पोहोचत नसेल, तर आधी जवळच्या एखाद्या प्रशिक्षित डॉक्टरांची सोय लावावी आणि मगच क्रमांक छापावा.