फुगलेली बॅटरी आणि घरातले दोन पक्ष

प्रश्न : माझा फोन जेमतेम अकरा महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात तो टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा गरगरू लागला आणि मागचे झाकण एका कडेने सुटून आले, म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. माझे मेहुणे वर्षानुवर्षे याच कंपनीचे फोन घेतात. ते म्हणतात, चूक माझ्या चार्जरची. मुलगा दुसऱ्या कंपनीचा कट्टर चाहता; त्याच्या मते हिचे सगळेच फोन असे. कोणाचे खरे मानावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तूर्त कोणाचेच मानू नका, कारण दोघांनीही बॅटरी तपासलेली नाही आणि दोघांचेही निकाल ती फुगण्याच्या आधीपासूनच तयार होते.

ऑगस्ट २०१६मध्ये बाजारात आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी नोट ७चे उदाहरण येथे उपयोगी पडेल. सप्टेंबरच्या आरंभी कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्याकडे जगभरातून ३५ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. २५ लाखांत ३५ म्हणजे किरकोळ, असे चाहत्याला सहज वाटेल आणि गणित म्हणून ते चूकही नाही. पण जुन्या, उन्हात तापलेल्या, पडून चेपलेल्या फोनांमधली ३५ प्रकरणे वेगळी आणि दोन आठवड्यांपूर्वी खोक्यातून काढलेल्या एकाच मॉडेलची ३५ प्रकरणे वेगळी. संख्येइतकेच फोनचे वय आणि तक्रारींमधला सारखेपणा पाहावा लागतो.

पुढची गोष्ट मात्र चाहते आणि टीकाकार या दोघांनाही अडचणीची आहे. दोष एका पुरवठादाराच्या बॅटरीत आहे असे धरून कंपनीने दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी असलेले फोन बदली दिले, आणि तेही पेटू लागले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल विमानतळावर अशाच बदली फोनमधून धूर निघाल्याने उड्डाणापूर्वी विमान रिकामे करावे लागले. जानेवारी २०१७मध्ये कंपनीने तपासाचे निष्कर्ष मांडले, तेव्हा कळले की पहिल्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणारा आतला पातळ थर) दबून वाकत होता, तर दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते. बाहेरून दिसणारी आग एकच, आतली कारणे दोन. पहिला गुन्हेगार सापडला की शोध थांबवण्याची घाई तज्ज्ञांनाही होते, मग जेवणाच्या पानावर वाद घालणाऱ्यांचे काय!

ॲपलच्या बाबतीत डिसेंबर २०१७मध्ये वेगळाच प्रकार घडला. जुने आयफोन मुद्दाम मंद केले जातात, हा आरोप चाहते हसण्यावारी नेत असत. फोनचा वेग मोजणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जॉन पूल यांनी मोजमापे प्रसिद्ध केल्यावर दोनच दिवसांत कंपनीने मान्य केले की जीर्ण बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही मॉडेलांचा वेग कमी केला जातो. आरोप खरा ठरला. नवे फोन खपवण्यासाठीच हे केले, हे विरोधकांचे म्हणणे मात्र कंपनीने नाकारले. काय घडते आणि कोणत्या हेतूने घडते, हे प्रश्न वेगळे ठेवले असते तर निम्मे भांडण झालेच नसते.

आता तुमचा फोन. लिथियम-आयन बॅटरीत आतल्या रसायनांचे विघटन होऊन वायू साठतो आणि ती फुगते. हे सततच्या उष्णतेने, अतिचार्जिंगने, मार लागल्याने किंवा कारखान्यातल्या दोषानेही होऊ शकते, त्यामुळे नुसत्या फुगण्यावरून कंपनीला दोषी धरता येत नाही. तसेच मूळ चार्जर वापरला नाही एवढ्यावरून तुम्हालाही नाही. मेहुण्यांना एवढेच विचारा की हाच फोन मुलाच्या आवडत्या कंपनीचा असता तर त्यांनी चार्जरचा विषय काढला असता का. आणि मुलाला विचारा की एका फोनवरून 'सगळेच' हा शब्द त्याने त्याच्या कंपनीबद्दल चालवून घेतला असता का.

फोन आजच बंद करा, तो चार्जिंगला लावू नका आणि झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका. सुटलेल्या कडेचे छायाचित्र पट्टी शेजारी धरून काढा आणि बिलासह फोन अधिकृत सेवा केंद्रात न्या. फोन अकरा महिन्यांचा असल्याने वर्षाची वॉरंटी असेल तर ती संपायच्या आत जा. दुरुस्ती नाकारली तर कारण लेखी मागा. 'ग्राहकाची चूक' एवढेच लिहून दिले, तर कोणत्या तपासणीवरून, हेही विचारा. उत्तर टाळले गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.