सेकंड हँड ऑल व्हील ड्राइव्ह गाडी ऑफरोडसाठी तयार करायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ११ वर्षं जुनी, सव्वा लाख किलोमीटर पळालेली ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेतलीय, लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर, रूफ रॅक, लाइट बार अशी यादी तयार आहे, तर आधी काय करू आणि पुढे मेंटेनन्स काय लागेल. मी अशीच जुनी गाडी घेऊन ८ वर्षं कच्च्या रस्त्यांवर, चिखलात, वाळूत फिरतोय आणि माझं सरळ मत आहे की तुमची यादी उलटी करा. लिफ्ट सगळ्यात शेवटी. आधी गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी करा, खालून सगळं घट्ट आणि कोरडं, मगच त्यात बदल करा. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं आणि त्यात एक ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद देणारा दांडा) आणि एक कपलिंग (पुढची मागची चाकं जोडणारा मधला भाग) गेलं, म्हणून इतकं जोर देऊन सांगतोय.

पहिलं म्हणजे तुमच्या गाडीत मागच्या चाकांना ताकद कशी जाते ते मॅन्युअलमधून नीट समजून घ्या. नुसतं ऑल व्हील ड्राइव्ह म्हटलं तरी आत वेगवेगळे प्रकार असतात. काहींत मधे सेंटर डिफरन्शियल असतं, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा, आणि चारही चाकं कायम चालतात, काहींत व्हिस्कस कपलिंग असतं म्हणजे बंद डब्यात पातळ चकत्या आणि सिलिकॉनचं घट्ट द्रव, पुढची मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरायला लागली की ते द्रव तापून चकत्या एकमेकींना धरतात. आणि बऱ्याच आधुनिक गाड्या एरवी फ्रंट व्हील ड्राइव्हच असतात, चाक घसरलं की कॉम्प्युटर अनेक चकत्यांचा मल्टिप्लेट क्लच दाबून मागे ताकद पाठवतो. प्रकार कुठलाही असला तरी अशा बहुतेक गाड्यांत लो रेंज गिअर, म्हणजे अगदी हळू पण जास्त ताकदीने चालायचा गिअर, नसतो. १९७७ ची रशियन लाडा निवा पण मोनोकॉक म्हणजे एकसंध बॉडीचीच, कारसारखीच गाडी, पण तिला लो रेंज आणि सेंटर डिफ लॉक (सेंटर डिफरन्शियल जाम करायची सोय) दोन्ही होतं म्हणून ती कुठेही चढायची. आपल्या गाडीत ते नाही हे धरूनच सगळं ठरवायचं.

आता टायर. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो कारण सगळ्यात जास्त जुन्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या टायरमुळे मरतात असं माझं मत झालंय. माझे पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले तेव्हा गॅरेजवाला म्हणाला पुढचेच दोन बदला, चालतं, आणि मी बदलले. नव्या टायरची नक्षी ८ मिमी, मागच्यांची उरलेली ३ मिमी. पाचच मिमीचा फरक, डोळ्याला दिसत पण नाही. पण ५ मिमी त्रिज्येत फरक म्हणजे घेरात ३१ मिमी फरक, म्हणजे दर किलोमीटरला मागचं चाक पुढच्यापेक्षा साधारण ७ चकरा जास्त मारतं, आणि हा फरक गाडी सरळ गुळगुळीत डांबरी रस्त्यावर चाललेली असताना सुद्धा मधल्या कपलिंगला सतत गिळावा लागतो. त्याला वाटतं चाक घसरतंय. ते तापत राहतं. काही महिन्यांनी पार्किंगमधे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघालो की गाडी हँडब्रेक ओढल्यासारखी अडकायची, खालून हिसके बसायचे. कपलिंग खोललं तर आतलं द्रव कायमचं घट्ट झालेलं होतं. सुबारू तर मॅन्युअलमधे चारही टायरच्या घेरात पाव इंच म्हणजे ६ मिमीच्या वर फरक नको म्हणते, नक्षीच्या हिशोबात तो जेमतेम १ मिमी होतो.

त्यामुळे आज पहिलं काम हे करा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच साइजचे आहेत का बघा, मग शिवणकामाचा टेप टायरच्या मधोमध गुंडाळून चारही घेर मोजून लिहून ठेवा. नंतर मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने दोन चकरा मारा, मग दुसऱ्या बाजूला. अडकतेय, थरथरतेय असं वाटलं तर लिफ्ट किटचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते बघा. आणि पुढे एक टायर फाटला तरी बाकीचे झिजलेले असतील तर चारही बदलावे लागतील, म्हणून ५ टायर एकदम घ्या आणि स्टेपनी पण रोटेशनमधे फिरवा. छोटी डोनट स्टेपनी अशा गाडीला लांब पळवायला लावू नका.

मग गाडीखाली जा. नुसत्या जॅकवर कधीच नाही, जॅक स्टँड लावून, आणि टॉर्च घेऊन. ड्राइव्ह शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे घडीघडीचं रबर असतं ना, सीव्ही बूट, त्याची प्रत्येक घडी बोटाने उघडून बघा. फाटायच्या आधी घडीच्या तळाशी केसासारख्या बारीक रेषा पडतात, वरून बूट धड दिसतो. फाटला की आतलं काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला रिंगणासारखं उडालेलं दिसतं आणि त्याच वाटेने चिखल वाळू आत जाते. अशा वेळी बूट आणि ग्रीस बदलून काम भागतं, पण वळताना रेस दिली की टक टक टक आवाज यायला लागला असेल तर जॉइंटच गेला समजा. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, इंजिन माउंट हे लोखंडी बारने हलवून बघा, ११ वर्षांच्या गाडीत यातलं काहीतरी गेलेलं असतंच आणि खडकाळ रस्त्यावर ते पहिल्या दिवशीच बोलतं.

मागच्या डिफरन्शियलचं ऑइल स्वतः काढा. एक नियम पाळा, भरायचा बोल्ट आधी सोडवा आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट, नाहीतर ऑइल निघून जातं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला असला की गाडी तिथेच अडकते. ड्रेन बोल्टला बऱ्याचदा चुंबक असतं. त्यावर राखाडी पेस्टसारखा लेप असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर आत दाते तुटलेत. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. माझं असंच निघालं होतं, आणि कारण अगदी साधं होतं. तासभर पळून डिफ गरम झालेला, तसाच थंड ओढ्यात घातला, आतली हवा एकदम आकसली आणि सीलमधून, ब्रीदरमधून म्हणजे हवा आतबाहेर जायच्या छोट्या तोंडातून पाणी ओढून घेतलं. त्यावर उपाय म्हणजे ब्रीदरला लांब होज लावून तिचं तोंड उंचावर नेऊन बांधायचं, तासाभराचं काम आहे आणि पाण्यात जाणाऱ्या गाडीला माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच. शिवाय पाण्याआधी पाच दहा मिनिटं थांबून गाडीला थंड होऊ द्या. आणि एअर इनटेकचं तोंड नक्की कुठे आहे ते बघून ठेवा, बऱ्याच गाड्यांत ते हेडलाइटच्या मागेच असतं. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमधे गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका.

ऑइलच्या बाबतीत मॅन्युअलमधे लिहिलेला ग्रेडच टाका. मागच्या डिफमधे बऱ्याचदा ७५डब्ल्यू-९० जीएल-५ लागतं, पण तेच मॅन्युअल गिअरबॉक्समधे ओतायचं असं नाही, काही गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझरला (गिअर सहज पडायला मदत करणारा भाग) ते चालत नाही. हाल्डेक्ससारखं, म्हणजे वर सांगितलेलं कॉम्प्युटरवालं, क्लच कपलिंग असेल तर त्याचं वेगळं ऑइल असतं आणि ते बदलायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं, आधीच्या मालकाने बिलं दिली असतील तर त्यात हे शोधा, नसेल तर बदललेलं नाही असं धरून चाला. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तिचं पण तसंच.

हे सगळं झालं की मग बदल. पहिला खर्च चांगल्या ऑल टेरेन टायरवर आणि स्किड प्लेटवर, म्हणजे इंजिनखाली दगडांपासून वाचवणाऱ्या पत्र्यावर. कंपनीने इंजिनखाली दिलेलं प्लास्टिक धूळ अडवतं, दगड नाही. ४-५ मिमीची ॲल्युमिनियम किंवा ३ मिमीची लोखंडी प्लेट घ्या, ती चेसिसच्या मजबूत जागांना बोल्ट होते का बघा, आणि ऑइल ड्रेन करायला भोक व हवा खेळायला जागा हवी, नाहीतर गिअरबॉक्स जास्त तापतो आणि प्लेटमधे चिखल साठत राहतो. टायरची उंची वाढवायची तर हिशोब करून बघा, २१५/६० आर १६ चा व्यास ६६४ मिमी, २१५/६५ आर १६ चा ६८६, म्हणजे २२ मिमी मोठं चाक पण जमिनीपासून उंची वाढली फक्त ११ मिमी, आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६२ वर असाल. तरी ते ११ मिमी खरे आहेत कारण लोअर आर्म पण वर जातात, लिफ्टने ते जात नाहीत.

लिफ्ट करायचीच तर २५ ते ४० मिमी. ५० च्या पुढे सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) पण खाली उतरवावी लागते, नाहीतर शाफ्टचा कोन सहन होत नाही. दुकानात गाडी सपाट उभी असताना सगळं छान दिसतं, पण खड्ड्यात चाक हवेत लटकलं की लिफ्टच्या स्पेसरमुळे म्हणजे सस्पेन्शनवर बसवलेल्या ठोकळ्यामुळे ते आधीपेक्षा अजून खाली जातं आणि सीव्ही जॉइंट शेवटच्या टोकाला वाकतो. माझा शाफ्ट तसाच गेला, थोडं स्टिअरिंग वळवलेलं, चाक लोंबलेलं आणि मी वरून रेस दिली. लिफ्टनंतर अलाइनमेंट त्याच दिवशी, हेडलाइट खाली करायचे, आणि १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने.

रूफ रॅक मी नंतर काढून टाकला. वर वजन गेलं की तिरक्या उतारावर गाडी वेगळीच वागते, जड सामान आत खाली ठेवा. लाइट बार रात्री फिरणार असाल तर घ्या, रिले आणि फ्यूजसकट.

चालवताना उष्णतेकडे लक्ष. वाळूत किंवा चढावर चाक फिरवत बसलात तर कपलिंग तापतं, डॅशवर इशारा येतो आणि गाडी गुपचूप फ्रंट व्हील ड्राइव्ह होते, तेव्हा थांबून थंड होऊ देणं एवढाच उपाय आहे. वाळूत टायरची हवा ३२-३३ वरून १८-२० पीएसआयवर आणा, १५ च्या खाली साध्या रिमवर टायर निसटू शकतो, आणि डांबरीवर यायच्या आधी परत भरा, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच हवा. खोल वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा कारण तो इंजिनची ताकद कापतो, पण तिरक्या रेषेतली दोन चाकं, म्हणजे एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं, हवेत गेली असतील तर चालू ठेवा आणि रेस स्थिर धरून एक दोन सेकंद वाट बघा, तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देतो.

आणि एकटे जाऊ नका. फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड, गाडी ओढायचा पट्टा. बंपरमधे स्क्रू होणारा टोइंग हुक सपाट रस्त्यावर गाडी ओढायला असतो, रुतलेली गाडी झटक्याने उपटायला नाही, आणि ट्रेलरच्या बॉलला पट्टा कधीही अडकवू नका, तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. स्किड प्लेट बनवून घेताना त्याच वेळी चेसिसला धरणारा रेटेड रिकव्हरी पॉइंट, म्हणजे किती ताण सहन करेल ते ठरवलेला पट्टा अडकवायचा हुक, पण बसवून घ्या. पट्टा ताणला की सगळ्यांना दोन्ही गाड्यांपासून लांब, पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर उभं करा.

घरी आल्यावर त्याच दिवशी खालून धुवायची, रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागच्या बाजूने कमी प्रेशरने, नाहीतर पाती वाकतात. चाकाच्या रिमच्या आत चिकटलेला चिखल पण काढा, तो वाळला की गाडी ७०-८० ला थरथरते आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात. एअर फिल्टर झटकून बघा, पाण्यात गेला असाल तर डिफचं थोडं ऑइल काढून रंग बघा, आणि बूट पुन्हा बोटाने तपासा. टेपने घेर मोजलेत की चारही आकडे आणि गाडीचं मॉडेल इथे खाली टाका, मी बघून सांगतो.