वाचकांचे प्रश्न : माश्यांचं मूळ उकिरड्यात

प्रश्न : घरामागं दोन म्हशींचा गोठा आहे, शेजारी उकिरडा. पाऊस लागला की ताटावर माश्यांचा नुसता घोंगाट. रोज औषध फवारतो, तरी दोन दिवसांत पुन्हा तेवढ्याच. काय करावं?
– एक वाचक, वाळवा तालुका (जि. सांगली)

उत्तर : फवाऱ्यानं मरते ती उडती माशी. शेणात वाढणाऱ्या अळ्यांपर्यंत औषध पोचतच नाही. शिवाय एकच औषध सारखं मारलं की माश्या त्याला दाद देईनाशा होतात.

मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते, अशा चार-पाच खेपा. उबदार हवेत दिवसाभरात अळी निघते आणि 7 ते 10 दिवसांत नवी माशी उडते. म्हणून ओली घाण आठवड्यातून निदान दोनदा काढलीच पाहिजे. सगळ्यात वाईट जागा गव्हाणीखालची. तिथं उष्टी वैरण, शेण आणि मूत एकत्र कुजतं, आणि गोठा झाडताना नेमका तोच कोपरा राहून जातो.

काढलेलं शेण ओलंच ढिगावर टाकलं तर माश्यांची फक्त जागा बदलते. ऊन असेल तेव्हा शेणी थापा. पातळ थर वाळला की अळी जगत नाही. गोबरगॅस असेल तर ताजं शेण रोज त्यात जाऊ द्या. पावसात ढिगाला पर्याय नाही, मग त्यात उसाचं पाचट मिसळा. फार ओला ढीग आत तापत नाही. नीट तापला तर मध्ये 50 अंशांच्या वर उष्णता जाते आणि अळ्या मरतात. ढिगावर प्लॅस्टिकचा कागद घालून कडा मातीनं दाबा, आणि आठवड्यानं बाहेरचा थंड थर आत घ्या.

कडेची माती काठीनं उकरून पाहा. गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस-तपकिरी कोश दिसले, तर अळ्या ढिगातून सरकून तिथं कोरड्यात आल्यात. ती माती खरवडून ढिगाच्या मध्यभागी टाका. पक्का कोबा करून भोवती पाण्याची चारी काढता आली तर फारच चांगलं, कारण अळ्यांची ती वाटच बंद होते.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या दारात गुळाच्या पाण्याची बाटली टांगली, तर माश्या वाढल्याच!
– एक वाचक, सातारा

उत्तर : आंबलेल्या गुळाच्या वासानं बाहेरच्या माश्याही दाराशी येतात. बाटली घरापासून आठ-दहा पावलं लांब, कचऱ्याच्या बाजूला टांगा आणि पाणी आठवड्यानं बदला. दारं-खिडक्यांना डासांची जाळी पुरते. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याच्या तळाशी साचलेलं पाणी मात्र रोज ओतून डबा धुवा. झाकण घट्ट नसेल तर माशी तिथंही अंडी घालते.