'शुक्रवारपर्यंत': इंग्रजीत 'बाय' की 'टिल'?

प्रश्न असा आहे: 'काम शुक्रवारपर्यंत पूर्ण करा' याचं इंग्रजी 'फिनिश द वर्क टिल फ्रायडे' असं केलं, तर ती चूक का? 'टिल'चा अर्थ 'पर्यंत'च ना? मग 'बाय' कुठे वापरायचा?

'टिल' म्हणजे 'पर्यंत' हे बरोबर आहे, पण ते निम्मंच आहे. मराठीतला 'पर्यंत' दोन कामं करतो, आणि इंग्रजीने ती दोन शब्दांत वाटून टाकली आहेत. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत ये' ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात थांबणं आत्ता सुरू होतं, पाच वाजेस्तोवर चालू राहतं आणि पाचला संपतं. दुसऱ्यात येणं एकदाच घडणार आहे, तीनला, चारला किंवा पाचच्या ठोक्याला, पण त्यानंतर नाही. पहिल्याचं इंग्रजी 'वेट टिल फाइव्ह', दुसऱ्याचं 'कम बाय फाइव्ह'. मराठीत हा फरक क्रियापदातून आपोआप कळतो, म्हणून 'पर्यंत'वर त्याचा भार पडत नाही. इंग्रजीत तो भार शब्दयोगी अव्ययावर आहे.

ओळखायची खूण मराठीतच आहे. वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा शुक्रवारी काम पूर्ण करा': अर्थ तोच राहिला, म्हणजे 'बाय'. 'उशिरात उशिरा शुक्रवारी थांबा': अर्थ बदलला, म्हणजे 'बाय' नाही. आता क्रियापदाला 'राहा' जोडून बघा. 'शुक्रवारपर्यंत थांबून राहा' हे चालतं, म्हणून 'टिल'. 'शुक्रवारपर्यंत पूर्ण करत राहा' हे विचित्र वाटतं, आणि 'फिनिश टिल फ्रायडे' वाचणाऱ्याला तसंच अडखळायला होतं.

'च्या आत' घालूनही ही परीक्षा होते, पण तिथे जपून राहावं. 'शुक्रवारच्या आत' म्हटलं की बरेच जण गुरुवार ही शेवटची मुदत धरतात. इंग्रजीत त्याला 'बिफोर फ्रायडे' म्हणतात, 'बाय फ्रायडे' नव्हे. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरलेला असतो.

एकाच सूचनेत हे दोन्ही शब्द लागू शकतात. अर्ज मागवणाऱ्या कार्यालयाच्या बाजूने 'अर्ज शुक्रवारपर्यंत स्वीकारले जातील'. स्वीकारण्याचं काम रोज चालू आहे आणि शुक्रवारी थांबणार आहे, म्हणून 'ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड टिल फ्रायडे'. अर्जदाराच्या बाजूने 'अर्ज शुक्रवारपर्यंत द्या'. तो एकदाच देणार, म्हणून 'सबमिट युवर ॲप्लिकेशन बाय फ्रायडे'. तारीख एक, खिडकी एक, तरी शब्द दोन.

खरी गंमत आहे ती दोन्हीकडे झुकणाऱ्या क्रियापदांत. 'वाचणे' घ्या. 'आय विल रीड द बुक टिल फाइव्ह' म्हणजे पाचपर्यंत वाचत बसेन, पुस्तक संपो न संपो. 'आय विल रीड द बुक बाय फाइव्ह' म्हणजे पाचपर्यंत पुस्तक वाचून काढेन. 'वाचत बसणे' आणि 'वाचून काढणे' ही आपली संयुक्त क्रियापदं इंग्रजीच्या 'टिल' आणि 'बाय'चंच काम करतात. 'करत राहणे' आणि 'करून टाकणे', 'लिहीत बसणे' आणि 'लिहून ठेवणे' या जोड्याही तशाच. तुमचं मराठी वाक्य मनात 'काढणे, टाकणे, ठेवणे'कडे वळत असेल तर 'बाय'. 'बसणे, राहणे'कडे वळत असेल तर 'टिल'. माझ्या मते 'कालावधी आणि मुदत' अशी व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही खूण कितीतरी पक्की आहे.

'ऑफिस सहापर्यंत बंद होईल' आणि 'ऑफिस सहापर्यंत बंद राहील' यांत तर चुकीचा शब्द अर्थ उलटाच करतो. पहिल्यात सहानंतर ऑफिस बंद, दुसऱ्यात सहानंतर उघडं. इंग्रजीत दोन्हीकडे 'द ऑफिस विल बी क्लोज्ड' एवढंच येऊ शकतं, आणि पुढचा 'बाय सिक्स' की 'टिल सिक्स' यावरच सगळं ठरतं.

आता नकार. 'तो पाचपर्यंत आला नाही' याचं 'ही डिडन्ट कम टिल फाइव्ह' असं केलं, तर इंग्रजी वाचणारा समजतो की तो पाचला आला. आपल्याला बहुधा म्हणायचं असतं की पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता, पुढचं सांगितलेलं नाही. त्यासाठी 'ही हॅडन्ट कम बाय फाइव्ह'. आणि 'नॉट टिल'ला मराठीत फार सुंदर शब्द आहे: 'कुठे'. 'तो पाच वाजता कुठे आला.' 'मला काल कुठे कळलं', म्हणजेच 'आय डिडन्ट नो टिल येस्टरडे'. 'मला कालपर्यंत माहीत नव्हतं' हेही चालतं, पण उशीर झाल्याची ती हलकी तक्रार 'कुठे'तच येते. भाषांतर करताना तो शब्द विसरू नये.

नकाराचा दुसरा सापळा 'जोपर्यंत'मध्ये आहे. 'तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही' याचं 'अनटिल ही डझन्ट कम' असं सर्रास होतं ('अनटिल' आणि 'टिल' यांचा अर्थ एकच). मराठीत हेच सांगायच्या दोन रीती आहेत. 'येत नाही तोपर्यंत' ही वाट बघण्याच्या काळाचं वर्णन करते, म्हणून तिथे 'नाही' लागतं. 'येईपर्यंत' ही काळ जिथे संपतो त्या घटनेवर बोट ठेवते, म्हणून तिथे 'नाही' लागत नाही. इंग्रजीतल्या 'अनटिल'ला दुसरी रीतच माहीत आहे. म्हणून आधी मराठीतच 'तो येईपर्यंत मी जाणार नाही' असं करून घ्या आणि मग भाषांतर करा: 'आय वोन्ट गो अनटिल ही कम्स'. 'येईपर्यंत'मध्ये पुढचा काळ दिसतो म्हणून 'अनटिल ही विल कम' लिहू नका. 'अनटिल'नंतर पुढच्या गोष्टीसाठीही वर्तमानकाळच येतो. आणि 'जोपर्यंत पाऊस पडतो आहे तोपर्यंत आत बसू' यात नकार नाही, बसण्याइतकंच पडणंही चालू आहे. तिथे 'अनटिल' अजिबात नको, 'ॲज लाँग ॲज' किंवा 'व्हाइल' हवं.

'बाय'बरोबर पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर 'बाय द टाइम'. 'मी पोचेपर्यंत गाडी सुटली होती': 'बाय द टाइम आय अराइव्ह्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट'. सुटणं माझ्या पोचण्याआधीच उरकलं, म्हणून 'हॅड'. मुदत पुढची असेल तर 'विल हॅव': 'बाय मंडे आय विल हॅव फिनिश्ड'. 'बाय नाउ'साठी तर मराठीत स्वतंत्र शब्द आहे, 'एव्हाना'. 'एव्हाना तो पोचला असेल.' तिथे 'आतापर्यंत' म्हटलं तरी चालतं, पण 'एव्हाना'मध्ये 'बाय'चा नेमका अर्थ आहे.

मुदतीचा दिवस धरायचा की नाही, यावरून घोटाळे होतात. 'ऑन लीव्ह टिल मंडे' लिहिलं की निम्मे लोक समजतात सोमवारी माणूस भेटेल, उरलेले समजतात मंगळवारी. 'पर्यंत'चीही तीच अडचण आहे. सुट्टी कधी संपते ते सांगण्याऐवजी कामावर कधी येणार ते लिहा: 'बॅक ऑन ट्यूजडे'. मुदत देताना वेळही लिहा: 'बाय ५ पी.एम. ऑन १२ जून'. 'बाय मिडनाइट ऑन १२ जून' टाळा, कारण ती मध्यरात्र १२ तारीख सुरू होतानाची की संपतानाची, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. '११:५९ पी.एम.' लिहिलं की प्रश्न मिटतो.

'पर्यंत' दिसला की 'बाय' किंवा 'टिल' यांपैकी एक हवाच, असंही नाही. 'कोपऱ्यापर्यंत चाललो' इथे जागा आहे, वेळ नाही. 'ॲज फार ॲज द कॉर्नर' किंवा नुसतं 'टू द कॉर्नर'. 'टिल द कॉर्नर' आपल्याकडे बोलण्यात रुळलंय, लिहिताना टाळावं. 'दहा जणांपर्यंत'ला 'अप टू टेन पीपल'. 'तापमान ३५ अंशांपर्यंत वाढलं' याला 'टू ३५', आणि '५ अंशांनी वाढलं' याला 'बाय ५'. म्हणजे इथे 'बाय' येतो तो 'नी'साठी, 'पर्यंत'साठी नाही.

प्रश्नात नसलेली पण नेहमी निघणारी एक शंका: 'टिल' हे 'अनटिल'चं तोडलेलं रूप नाही. 'टिल'च जुना आहे; त्याच्या मागे 'पर्यंत' याच अर्थाचा आणखी एक शब्द लागून 'अनटिल' झाला. 'टिल' लिहिताना शेवटी 'एल' दोन, 'अनटिल'ला एक. पत्रात किंवा अर्जात दोन्ही चालतात, फक्त 'टिल'च्या आधी वरचा स्वल्पविराम देऊ नका. तिथे गाळलेलं काही नाहीच.