मुलीच्या मिनियापोलिसच्या घरी छताच्या कडेला बर्फ साचून आत पाणी गळतंय, काय करावं?

काकू, इंदूरच्या रामबागेत बसून काळजी वाटणारच. जावईबापूंना आधी एवढं सांगा, शिडी लावून हातोडीने बर्फ फोडू नका. छतावरचे शिंगल, म्हणजे कौलांसारखे पातळ तुकडे, फुटतात, माणूसही पडतो.

दोष बहुतेक वेळा छताचा नसतो, पोटमाळ्याचा असतो. घरातली ऊब वर जाते, छतावरचा बर्फ खालून वितळतो आणि पाणी ओघळत वळचणीला येतं. वळचणीखाली घराची ऊब नसते, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. त्या बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगलखाली शिरतं. आपल्या इंदूरच्या गच्चीसारखं वरून वॉटरप्रूफिंग करून हे थांबत नाही.

सध्या लांब दांड्याच्या रूफ रेकने, म्हणजे छतावरचा बर्फ ओढायच्या फावड्याने, जमिनीवर उभं राहूनच, कडेपासून तीन-चार फुटांपर्यंतचा बर्फ ओढून काढावा. मीठ टाकू नये. पन्हळ गंजते, खालची झाडं जळतात. पाणी आत येतच असेल तर वाफेने बांध कापणारी माणसं बोलवावीत. महाग पडतात, पण छत शाबूत राहतं.

उन्हाळ्यात पोटमाळ्यातल्या दिव्यांच्या नि पाइपांच्या भोवतालच्या फटी बुजवून मग वर आर-४९ (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) किंवा जास्त इन्सुलेशन घालावं. बाथरूमचा पंखा पोटमाळ्यातच वाफ सोडतोय का, तेही बघायला सांगा.