१५०० दिरहम आणि राहणं स्वतःचं

तुझा मेसेज मिळाला आणि ऑफर लेटरचा फोटोही मोठा करून नीट वाचला. तू विचारलंस ते आधी एका जागी मांडतो, म्हणजे घरात वाचून दाखवशील तेव्हा सगळ्यांना समजेल. तू लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे मेंटेनन्सला आहेस, हातात १६,००० पडतात. आयटीआय झालंय. दुबईतल्या एका एसी मेंटेनन्स कंपनीचं १५०० दिरहमचं बोलावणं आलंय. मध्यस्थ ९०,००० मागतोय. आणि जमलं तर वर्षभरात सूनबाई नि छोटीला इकडे आणायचं मनात आहे. तर जावं का?

दुबईला जरूर ये, पण या कागदावर नको.

आपल्याकडे दिरहमचा आकडा कानावर पडला की माणूस आधी गुणाकार करतो. सध्या एका दिरहमला २४ रुपयांच्या आसपास धर, १५०० चे झाले ३६,०००. लोट्याच्या दुपटीहून जास्त. वाडीत हा गुणाकार सगळ्यांना तोंडपाठ आहे, वजाबाकी मात्र इथे आल्यावरच सुरू होते. तुझ्या लेटरमध्ये पगाराखाली एक ओळ आहे, ‘अकोमोडेशन अँड फूड: बाय एम्प्लॉयी’. म्हणजे खाट तुझी, जेवण तुझं. सगळा हिशोब त्या ओळीत आहे.

देऱ्यात, म्हणजे दुबईच्या जुन्या भागात, खाटेला ७०० ते १००० जातात. शारजात ५००-६०० ला मिळते, पण कंपनीची गाडी शारजाहून उचलणार नसेल तर रोजचं बसभाडं आणि येता-जाता ट्रॅफिकमध्ये तीन-तीन तास. मेस ४०० च्या आत बसत नाही, आणि ती म्हणजे डाळ-भात-चपाती, आठवड्यातून दोनदा चिकन. मोबाइल, साबण, दाढी, कधी डोकं दुखलं तर गोळी, या सगळ्याचे १५०-२०० धर. खाट ६०० ची मिळाली तरी तुझ्या हातात ३०० उरले. त्याचे रुपये होतात ७,२००. आज तू घरी राहून, स्वतःच्या घरात झोपून, शेतातला तांदूळ खाऊन याहून जास्त मागे टाकत असशील. पगाराची स्लिप काढून पीएफ कापला जातोय का तेही बघ. जात असेल तर मूळ पगाराच्या १२ टक्के मालकाच्या बाजूनेही जमा होतात, ते या १६,००० च्या वरचे.

आता दुसरी ऑफर मांडून बघ. पगार १२००, पण खोली, जेवण आणि साइटवर नेणारी बस कंपनीची. कमी वाटते ना? वरखर्चाचे १५० काढले तरी १०५० उरतात, म्हणजे २५,००० रुपये. इथे १२०० हे १५०० पेक्षा मोठे आहेत. आमच्या कॅम्पात खेड-मंडणगडकडची जी पोरं दोन वर्षांत कर्ज फेडून वर घराचे चिरे टाकू शकली, ती सगळी कंपनीच्या खोलीत राहणारी. बाहेर खाट घेऊन राहणारा कमी पगारात वर आलेला मी तरी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट, जी मध्यस्थ तुला सांगणार नाही. इथल्या नियमाप्रमाणे ज्या कंपनीत ५० किंवा जास्त कामगार आहेत आणि ज्यांचा पगार १५०० दिरहमपेक्षा कमी आहे, त्यांना राहण्याची जागा कंपनीने द्यायची असते. तुझ्या कागदावर बरोबर १५०० आहेत. १४५० नाहीत. हा योगायोग आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

खाट म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण गावाला व्हिडिओ कॉलवर बुर्ज खलिफा दिसतो, खोली कोणी दाखवत नाही. जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. एकेका खोलीत तीन-तीन दुमजली लोखंडी पलंग. हॉलमध्ये प्लायवूडची पार्टिशनं घालून आणखी तीन ‘खोल्या’. खालच्या खाटेला वरच्यापेक्षा ५० दिरहम जास्त, कारण खालच्याला पडदा लावून आडोसा करता येतो आणि बॅगा पलंगाखाली सरकवता येतात. चार्जिंगचा पॉइंट कुणाच्या उशाशी यावरून भांडणं होतात. संडास-बाथरूम दोन, दारावर वेळेचा कागद चिकटवलेला: कोणाला ४.१० ते ४.२०, कोणाला ४.२० ते ४.३०. मासे तळायला बंदी, कारण वास वरच्या मजल्यावर जातो. कोकणातल्या माणसाला ही शिक्षा केवढी ते तुला सांगायला नको. बाजारात ओमानची सुरमई, बांगडा ढीगभर असतो, पण शिजवायला जागा नाही.

शिवाय अशी पार्टिशनं बेकायदा आहेत. २०२५ च्या जूनमध्ये दुबई नगरपालिकेने रिग्गा, मुरक्काबात, बर्शा, सातवा, रफा या भागांत धडक मोहीम काढली होती. खाटेची ना पावती ना करार, त्यामुळे उद्या बाहेर काढलं तर भरलेलं भाडं मागायला तोंड उरत नाही. सोनापूरचा लेबर कॅम्पही काही सुखाचा नाही. एका खोलीत सहा-आठ जण, स्वयंपाकघरात चुलीसाठी रांग, पहाटे साडेचारला बसचा हॉर्न. पण वीज, पाणी, गॅस, खाट हे सगळं कंपनीच्या खात्यावर, आणि ते तुझ्या पगारातून जात नाही.

आता ‘बेसिक’, म्हणजे मूळ पगार. लेटरमध्ये १५०० चे तुकडे पाडलेत: बेसिक ९००, बाकीचे ‘इतर भत्ते’. तुला वाटेल, हातात एकच रक्कम येते, मग फरक काय. ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर मोजतात. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. त्यावरच्या तासाला बेसिकच्या हिशोबाने सव्वापट, आणि रात्री १० ते पहाटे ४ मधलं काम असेल तर दीडपट. ९०० बेसिकवर तुझा ओव्हरटाइमचा तास ४.६९ दिरहमचा होतो. बेसिक १३०० असतं तर तोच तास ६.७७ चा. एसीच्या धंद्यात जून ते सप्टेंबर ओव्हरटाइम भरपूर असतो, त्यामुळे हा फरक थोडका नाही. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार. पाच वर्षांनी ९०० बेसिकवाला ३,१५० दिरहम घेऊन जाईल, १३०० वाला ४,५५०. वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलंस तर काहीच नाही. परदेशी कामगारांना किमान वेतन असं इथे ठरवून दिलेलं नाही, म्हणून कागदावर जे लिहून घेशील तेच तुझं.

९०,००० चं काय? एक पैसाही देऊ नकोस. भारत सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. इकडचा कायदा, २०२१ चा, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, तो तर म्हणतो की भरतीचा खर्च कामगारावर टाकायचाच नाही. भारत सरकारच्या ई-मायग्रेट या साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. तुझा मध्यस्थ तिथे नसणार. चिपळूण-खेडमध्ये फिरणारे बहुतेक सब-एजंट असतात, आणि सब-एजंट ही गोष्ट कायद्यात बसतच नाही. मुंबईच्या मूळ ऑफिसचं नाव आणि लायसन्स नंबर माग. आढेवेढे घेतले की समजायचं. ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा बदलून देतो’ असं म्हणाला तर फोन ठेवून दे. व्हिजिटवर काम करणं गुन्हा आहे, आणि तसं काम देणाऱ्या कंपनीला आता १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, म्हणून धाड पडली की मालक तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही.

तू दहावी पास, त्यामुळे तुझा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे कामाला बाहेर जाताना सरकारची मंजुरी लागत नाही असा. वाडीत याचं कौतुक असतं. पण दहावी न झालेल्या माणसाचा करार ती मंजुरी देणाऱ्या मुंबईच्या प्रोटेक्टरच्या सरकारी ऑफिसात तपासला जातो, तुझा कोणी तपासणार नाही. तुझं तुलाच वाचावं लागेल. इकडच्या सरकारी ऑफर लेटरची प्रत हिंदीतही मिळते (मराठीत नाही, केरळवाल्यांना मल्याळममध्ये मिळते!). हिंदीतलीच माग, आणि मुंबईत सही केलेला कागद आणि इथला कागद एकच आहे ना हे ताडून बघ. लहानपणी क्षयरोगाची औषधं घेतली असतील तर आधी छातीचा एक्सरे काढून डॉक्टरला दाखव. इथल्या मेडिकलमध्ये जुना डागसुद्धा नडतो आणि परत पाठवतात.

या ९०,००० साठी बाबा आंब्याची कलमं खंडाने द्यायचं म्हणतायत असं तू लिहिलंस. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की कलमांना हात लावू नका. महिना ७,२०० उरत असताना नुसते ९०,००० फेडायला वर्ष जाईल, व्याज वेगळंच. आणि त्या वर्षात आंबा दुसऱ्याचा.

सूनबाई आणि छोटीचं लिहिताना मला जरा जड जातंय, पण स्पष्टच लिहितो. कुटुंबाला आणायला ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० आणि कंपनीची जागा. १५०० वाल्याला तो दरवाजा बंदच आहे, एक वर्षाने काय आणि चार वर्षांनी काय. आणि समज, ४,००० झाले. शारजातल्या जुन्या बिल्डिंगमधला एका खोलीचा स्टुडिओ वर्षाला २०-२५ हजारांच्या खाली मिळणं कठीण, भाडं चार चेकांत आगाऊ. वर वीज-पाणी, शाळेची फी, दवाखाना. इथे कमी पगारात संसार आणलेली घरं मी बघतो. बायको दिवसभर चार भिंतींत, पोर गॅलरीत, आणि नवरा महिनाअखेर मित्रांकडे उसने मागतो. तेच पैसे खेडला पाठवले तर त्यात गॅस, शाळा, सणवार होऊन पोरीच्या नावावर काही टाकताही येतं. आजारपण निघालं तर डेरवणचं हॉस्पिटल आहे. आपल्या खाडीपट्ट्यातल्या मोहल्ल्यांतून आज तिसरी पिढी आखातात आहे, त्यांनीही वर्षानुवर्षं हेच केलं: माणूस इकडे, घर तिकडे. त्याची किंमत काय असते ते त्या घरातल्या बायकांना विचार, सूनबाईलाच विचारू दे. निर्णय तिचाही आहे. व्हॉट्सअॅपवरून कॉल इथे लागत नाही, बोटिम नावाचं अॅप घ्यावं लागतं, हेही तिला आधीच सांगून ठेव.

कामाबद्दल थोडं. एसीवाल्याचं काम गच्चीवर. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे आणि मोठ्या कंपन्या तो पाळतात. पण सकाळी अकरालाच पत्र्याला हात लागत नाही. आणि गणपतीला सुट्टी मिळेल या भ्रमात राहू नकोस, भाद्रपद म्हणजे आमचा सीझन. शिमग्याला मिळते. वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा कायद्याने आहे, तिकीट मात्र बहुतेक करारांत दोन वर्षांतून एकदाच.

मग काय करावं? माझं मत विचारशील तर अजून दीड-दोन वर्षं थांब. स्प्लिट एसी उघडणारी पोरं इथे पैशाला पासरी आहेत. चिलर, व्हीआरएफ, म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसी यंत्रणा, यांवर हात बसलेला माणूस मिळत नाही. त्यांना २,५०० ते ३,००० आणि वर खोली देणाऱ्या ऑफर मी आमच्याच कंपनीत बघतो. ते काम मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये शिकायला मिळतं. पगार तिथे सुरुवातीला लोट्याएवढाच मिळेल आणि नालासोपाऱ्याला कुणाकडे तरी पडावं लागेल, पण अनुभवाचा दाखला कंपनीच्या लेटरहेडवर मिळेल. ते काम मिळेपर्यंत शनिवार-रविवार दापोली-मुरुडच्या रिसॉर्टवाल्यांची एसीची कामं धर. तिकडे खोल्या वाढतायत आणि मेकॅनिक मिळत नाही म्हणून बोंब आहे. गंमत बघ, बागांची राखण करायला आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी माणसं येतायत आणि आपण दुबईच्या गच्चीवर.

यायचंच ठरलं तर दोन-तीन गोष्टी. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, कंपनीला तो ठेवून घेता येत नाही. पगार बँकेतूनच येतो, तो थकला तर कामगार खात्याकडे तक्रार करता येते. अडचण आली तर आपल्या कॉन्सुलेटच्या सहायता केंद्राचा ८०० ४६३४२ हा फुकटचा नंबर आहे, हिंदीत बोलतात. इथे आल्यावर एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं भारतातल्या बँकेतलं खातं, उघड आणि पैसे त्यातच पाठव, हुंडीवाल्याच्या नादी लागू नकोस. आणि गावात कुणाला पगार सांगू नकोस. दुबईचा म्हटलं की चिरेवाला गाडीमागे भाव वाढवतो.

सध्या एवढंच कर: मध्यस्थाला सांग की कंपनीची खोली आणि जेवण लेटरवर लिहून आलं आणि बेसिक १२०० च्या वर असेल तर पुढे बोलू. नवीन कागद आला की दोन्ही पानांचा फोटो पाठव, पाठीमागच्या बारीक अक्षरांसकट. शुक्रवारी दुपारनंतर मी मोकळा असतो, तेव्हा फोन कर.